माझ्या खुर्चीत बसलेली शिपाई

निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. गुन्ह्यांचे नंबर, कलमे, आरोपींची नावे आता डोक्यातून निघून गेली आहेत. पण त्या एका दुपारचा प्रत्येक तास मला आजही जसाच्या तसा सांगता येईल. तेव्हा मी पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. या लेखात मी कोणाचेही नाव घेणार नाही. जिचे घ्यावेसे वाटते तिनेच ‘नको सर’ म्हणून सांगितले आहे.

शाळा उघडण्याच्या आधीचा आठवडा होता. बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. नारायण पेठेत राहणाऱ्या एक शिक्षिका आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन वह्या-पुस्तकांच्या खरेदीला आल्या होत्या. दुकानदाराने गठ्ठा पुढे सरकवला, बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाली पाहिले तर मुलगी नव्हती. अर्धा तास त्यांनी स्वतः शोधाशोध केली. दुपारी दीडच्या सुमारास त्या ठाण्यात आल्या. वह्यांचा गठ्ठा तसाच हातात होता.

मी त्यांना बसायला सांगितले. त्या म्हणाल्या, “आपण मला काहीही विचारा, मी सगळं सांगेन. फक्त बसा म्हणू नका.”

लहान मूल हरवले की आम्ही ‘हरवली’ असे लिहून वाट पाहत नाही. थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो आणि तपास सुरू होतो. त्या दिवशी माझ्याकडे माणसे कमी होती. शहरात मोठ्या पाहुण्यांचा दौरा होता, निम्मे ठाणे बंदोबस्तावर गेले होते. हाताशी दोन गाड्या आणि दहा-अकरा माणसे. त्यांतल्याच दोघांना दुकानांचे कॅमेरे तपासायला बसवले.

तासाभरात चित्र सापडले. इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून एक सडपातळ माणूस त्या मुलीचा हात धरून चालला होता. मुलगी रडत होती आणि तिच्या एका पायात चप्पल नव्हती. पुढच्या वळणावर कॅमेरा नव्हता, त्यामुळे तिथून पुढचे काही कळेना. आम्ही ते चित्र गल्लीतल्या दुकानदारांना दाखवले. एका वयस्कर दुकानदाराने चष्मा वर करून पाहिले आणि सांगितले, “हा आपला मुका. पलीकडे टेबल टाकून रेडिओ-चार्जर दुरुस्त करतो. राहायला येरवड्याला. आज जेवणाच्या सुट्टीनंतर आलेला नाही.”

याहून नेमकी खबर मिळत नाही. माझ्या हाताखालचे उपनिरीक्षक एक गाडी घेऊन येरवड्याला गेले. तो माणूस त्यांना खोलीच्या दारातच सापडला, घाईघाईने कुठेतरी निघालेला. खिशात मुलीची चप्पल होती. मुलगी मात्र खोलीत नव्हती आणि आसपासही कुठे नव्हती.

चार वाजता त्याला ठाण्यात आणले. आईने ती चप्पल ओळखली आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या क्षणी ठाण्यातल्या एकालाही शंका उरली नव्हती. मलाही नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

उपनिरीक्षकांनी चौकशी सुरू केली. ते तरुण होते, हुशार होते, कामात कधी कुचराई करत नसत. तो माणूस येताना गाडीत हात उडवत होता, अंगावर येतोय असे वाटले म्हणून त्याच्या हातांत मागून बेडी घातली होती. उपनिरीक्षकांनी त्याच्यासमोर मुलीचा फोटो धरला, मोठ्या आवाजात आणि खुणांनी विचारले, तू नेलीस का? त्याने मान हलवली. लपवून ठेवलीस का? मान हलवली. कोणाला दिलीस? इथे तो घशातून काहीतरी आवाज काढू लागला आणि खांदे हिसडू लागला. उपनिरीक्षक बाहेर येऊन म्हणाले, “सर, नेल्याचं कबूल केलंय. कुठे ठेवलीय ते सांगत नाही. नाटकं करतोय.” डायरीत त्यांनी लिहिलेही होते: ‘विचारले असता मान हलवून होकार दिला.’

मी ते वाचत असताना आमची एक महिला शिपाई सहीसाठी आवक-जावकची कागदपत्रे घेऊन दारात उभी होती. ठाण्यात येऊन तिला दोन वर्षे झाली होती. टपाल, पासपोर्टची पडताळणी, कधी बंदोबस्त, असे तिचे काम. मोजके बोलणारी. तिने उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत पाहिले आणि म्हणाली, “सर, ते नाटक करत नाहीयेत. अर्धा तास झाला, ते सांगायचा प्रयत्न करतायत. आपण त्यांचे हात बांधलेत.”

“मग?”

“ते हातांनी बोलतात सर. आत्ता त्यांच्या तोंडावर हात ठेवून आपण प्रश्न विचारतोय.”

उपनिरीक्षक म्हणाले, “मान हलवून हो म्हणाला की तो.”

“ते हो नाही, सर. तुम्ही माझ्याशी बोलताय हे मला समजलं, एवढाच त्याचा अर्थ. माझे बाबा बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे अशीच मान हलवतात. नाही हलवली तर लोक चिडतात.”

तेव्हा मला कळले की तिचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. घरात बोलता येणारी ती एकटीच. बोलायला ती शेजारच्या घरात शिकली होती. दोन वर्षे ती रोज माझ्या टेबलावर फायली ठेवून जात होती आणि मला यातले काहीही ठाऊक नव्हते. तिच्या सेवापत्रकात उंची होती, शिक्षण होते, गोळीबाराच्या सरावाचे गुण होते. ही गोष्ट लिहायला त्यात रकाना नव्हता.

मूक-बधिरांच्या शाळेतल्या दुभाषी शिक्षिकेला आम्ही फोन केला. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला होत्या, पोहोचायला दीड तास तरी लागणार होता. माझ्याकडे दीड तास नव्हता. मी तिला विचारले, “तुम्ही बोलाल का त्याच्याशी?”

“बोलते सर. पण मी सांगेन तसं करावं लागेल.”

तीस वर्षांच्या नोकरीत शिपायाने मला असे कधी सांगितले नव्हते. मी म्हणालो, “सांगा.”

तिने बेडी काढायला सांगितली. ती काढली. चौकशीची खोली बदलायला सांगितली, कारण तिथे खिडकी नव्हती आणि ट्यूब लुकलुकत होती. उजेड चांगला होता तो फक्त माझ्या खोलीत. तिथे गेल्यावर तिने चहूकडे पाहिले आणि जरा अडखळत म्हणाली, “सर, माझा चेहरा त्यांना स्पष्ट दिसायला हवा. तो उजेड फक्त तुमच्या खुर्चीवर पडतोय.”

“मग बसा की.”

ती बसली. मी बाजूला, कपाटाला टेकून उभा राहिलो. उपनिरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले, मी दुसरीकडे पाहिले. तिने आणखी दोन सूचना दिल्या. आपसांत बोलू नका, कारण तुमचे ओठ हलले की त्यांचे लक्ष तिकडे जाते. आणि मागून त्यांच्या खांद्याला हात लावू नका, ते दचकतात.

मग तिने आधी पोलीस म्हणून काहीच विचारले नाही. स्वतःकडे बोट दाखवून काही खुणा केल्या. नंतर तिने सांगितले की ती ‘माझे आईवडील तुमच्यासारखे आहेत’ असे म्हणाली होती. त्या माणसाने तिच्याकडे पाहिले आणि त्याचे हात सुरू झाले. इतक्या वेगाने, की तिला त्याला दोनदा थांबवावे लागले. ती आम्हाला एकेक वाक्य सांगत गेली आणि मी लिहून घेत गेलो. माझ्याच ठाण्यात, उभ्याने.

मुलगी त्याला गल्लीत एकटी रडताना दिसली होती. चपलेचा पट्टा तुटला होता. चप्पल खिशात टाकून, तिचा हात धरून तो तिला पोलीस चौकीकडे घेऊन निघाला. वाटेत एक बाई धावत आली, मुलीला तिने जवळ घेतले, ‘मी मावशी’ अशा अर्थाचे काहीतरी दाखवले आणि मुलीच्या हातात चॉकलेट दिले. त्याने हात सोडला. पण एक गोष्ट त्याला खटकली. बाईने मुलीच्या अनवाणी पायाकडे एकदाही पाहिले नाही. घरची बाई असती तर आधी पाय पाहिला असता. चप्पल द्यायच्या निमित्ताने तो मागे धावला, तोवर बाई रिक्षात बसली होती. रिक्षाच्या मागच्या पडद्यावर पांढरा घोडा रंगवलेला, त्याच्या एका पायाचा रंग उडालेला. बाईची साडी हिरवी, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, डाव्या मनगटाला पट्टी बांधलेली. मी डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार शेकड्यांनी पाहिले. इतके नेमके पाहिलेला एकही आठवत नाही.

“मग चौकीत का नाही आला?” उपनिरीक्षकांनी विचारले.

तिने विचारले. उत्तर मिळाले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आले होते, सर. चौकीतल्या हवालदारांनी वेडा समजून हाकललं. मग शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी बोलायला घेऊन यावं म्हणून ते घरी गेले. निघतच होते, तेवढ्यात आपली गाडी आली.”

मी तेही लिहून घेतले.

शेवटचा प्रश्न होता, रिक्षा कुठे गेली. तो म्हणाला, बाईने रिक्षावाल्याला ठिकाण सांगितले तेव्हा रिक्षाच्या उघड्या बाजूने तिचे ओठ त्याला दिसले होते. त्याने ते ओठांनी करून दाखवले. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले.

“पिंपरी,” उपनिरीक्षक लगेच म्हणाले. मलाही तेच वाटले. नेमके तेव्हाच आमचे सहायक आयुक्त साहेब आत आले. माझ्या खुर्चीत शिपाई बसलेली आणि मी कपाटाला टेकून उभा. त्यांनी दारातूनच विचारले, “ठाणं कोण चालवतंय इथे?”

मी सॅल्यूट केला. “ठाणं मीच चालवतोय साहेब. ही चौकशी त्या चालवतायत.”

साहेबांना झालेला प्रकार थोडक्यात सांगितला. ‘पिंपरी’ ऐकताच ते म्हणाले, “बरोबर. मागच्या अशाच एका प्रकरणात धागा तिकडेच गेला होता. दोन्ही गाड्या पाठवा, ताबडतोब.”

“पिंपरी नाही, सर,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिले. ती उठून उभी राहिली होती, सावधानमध्ये, पण बोलायचे थांबली नाही. “पिंपरी म्हणताना ओठ ताणले जातात. ह्यांनी गोल केलेत, दोन्ही वेळा. प, ब, भ, म हे सगळे ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या ओठांवरून मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण हा बो किंवा पो आहे. मला बोपोडी वाटतं.”

“वाटतं,” साहेब म्हणाले. “एका मुलीचा जीव आहे, आणि यांना वाटतं.”

साहेब चुकीचे बोलत नव्हते. ओठांवरून वाचणे म्हणजे अर्धा अंदाज, हे तीही कबूल करत होती. इथे मात्र माझ्या कामातली एक गोष्ट मला आठवली. ओळख परेडीत आम्ही संशयिताला कधी एकटे उभे करत नाही. सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभे करतो, आणि साक्षीदाराने दाखवलेला माणूस रांगेतली जागा बदलून पुन्हा उभा करतो. मी म्हणालो, “साहेब, दोन मिनिटं द्या. नावांची ओळख परेड घेऊ.”

मी कागदावर सहा नावे लिहिली: भोसरी, पिंपरी, पाषाण, बोपोडी, बोपखेल, दापोडी. तिने एकेक नाव आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटले. जुळेल तिथे हात वर करायचा, एवढेच त्याला सांगितले. पिंपरीला त्याने ठाम नकार दिला. बोपखेलला हात अर्धा उचलला आणि शेवटच्या अक्षराला खाली घेतला. बोपोडीला हात सरळ वर गेला. मी क्रम उलटा केला. पुन्हा बोपोडी. तिसऱ्यांदा दुसऱ्याच क्रमाने. पुन्हा बोपोडी.

साहेबांकडे वळून मी म्हणालो, “पिंपरीला वायरलेसवर कळवतो, तिकडची माणसं बघतील. आपल्या दोन्ही गाड्या बोपोडीला पाठवतो.”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं तर मी चुकलो. त्या नाही.”

साहेब म्हणाले, “ठाणे डायरीत तसं लिहा, आणि निघा.” या माणसाबद्दल मला आदर आहे तो त्या एका वाक्यासाठी. त्यांना मला अडवता आले असते.

आम्ही निघालो. तिला आणि त्या माणसालाही बरोबर घेतले. बोपोडीच्या रिक्षा थांब्यावर सात रिक्षा उभ्या होत्या. गाडी पूर्ण थांबण्याआधीच त्याने काचेवर हात मारला. पांढरा घोडा, एका पायाचा रंग उडालेला. रिक्षावाला साधा माणूस होता. म्हणाला, “हो साहेब, हिरव्या साडीवाली. पोरगी पेंगत होती तिच्या मांडीवर. मागच्या वस्तीत सोडली.” त्याने दार दाखवले.

मुलगी तिथेच होती. सतरंजीवर झोपलेली, एक पाय अनवाणी. तिला गुंगीचे औषध दिलेले होते. खोलीत ती बाई होती, तिचा एक साथीदार होता आणि परराज्यात जाणाऱ्या खासगी बसची तीन तिकिटे होती. बस सुटायला दोन तासही उरले नव्हते. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुलीला तपासून धोका नाही असे सांगितले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आई तिथे आल्या. त्यांनी मुलीला छातीशी धरले आणि दुपारनंतर पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

त्याच संध्याकाळी दुभाषी शिक्षिका आल्या. त्या माणसाचा जबाब आम्ही त्यांच्यामार्फत, व्हिडिओ चित्रीकरण करून रीतसर पुन्हा नोंदवला. कोर्टात तोच टिकला. दोन्ही आरोपींना शिक्षा झाली. चौकीतल्या हवालदारावर मी कारवाई केली. डायरीतली ती ‘होकार दिला’ची ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली खरे काय होते ते लिहून सही केली. उपनिरीक्षकांनी मला न विचारता स्वतःचीही सही त्याखाली केली. पुढे ते चांगले अधिकारी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येरवड्याला त्या माणसाच्या घरी गेलो. जाण्याआधी शिपायाकडून ‘माफ करा’ कसे म्हणतात ते शिकून घेतले होते. मी दारात उभा राहून ते हातांनी म्हटले. त्याने माझा हात हातात घेतला, माझी बोटे नीट केली आणि मला पुन्हा करायला लावले. मग त्याने चहा टाकला.

लोक मला विचारतात, खात्यात तर हुकूम चालतो, तिथे शिपायाचे कसे ऐकलेत? हुकूम चाललाच पाहिजे. गाड्या कुठे जाणार हे कोणीतरी एकाने ठरवायचे असते आणि चुकले तर त्यानेच आपली मान पुढे करायची असते. खांद्यावरचे तारे त्यासाठी असतात. ओठ गोल होते की ताणलेले, हे तारे पाहून कळत नाही. ते ज्याला कळते त्याच्यापुढे त्या वेळी गप्प उभे राहावे लागते, आणि तसे उभे राहिल्याने माझा एकही तारा कमी झाला नाही. त्याच आठवड्यात तिने बंदोबस्ताची ड्यूटी बदलून मागितली, मी दिली नाही. ड्यूटीचा तक्ता कसा लावायचा हे मला तिच्यापेक्षा चांगले कळत होते. तिने सॅल्यूट केला आणि ड्यूटीवर गेली. आमच्या दोघांच्याही मनात त्याबद्दल काही राहिले नाही.

त्यानंतर मी जिथे जिथे बदलून गेलो तिथे पहिल्या हजेरीला प्रत्येकाला विचारत असे, सेवापत्रकात नसलेले तुम्हाला काय येते? आधी हसत. मग सांगत. एकाला मोडी वाचता येत होती, एकाचे घराणे कुलूप-किल्ल्यांचे होते, एक हवालदार तर मधमाश्या पाळायचे. मी सगळे वहीत लिहून घेत असे. त्यातले पुष्कळ कधी ना कधी कामाला आले.

अभिमानाच्या गोष्टी माझ्या नोकरीत आणखीही आहेत, पदकेही आहेत. पण कोणी विचारले तर मी एका प्रेसनोटबद्दल सांगतो. आमच्या खात्यातल्या प्रेसनोटचा शेवट ठरलेला असतो: सदर कामगिरी अमुक वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली तमुक अधिकाऱ्यांनी केली, आणि सगळ्यांत शेवटी शिपायांची नावे. त्या रात्रीची प्रेसनोट मी स्वतः लिहिली. ‘सदर कामगिरी महिला पोलीस शिपाई’, पुढे तिचे नाव, ‘यांच्या मार्गदर्शनाखाली वरिष्ठ पोलीस निरीक्षक’, पुढे माझे, ‘व पथकाने केली.’

थोड्या वेळाने साहेबांच्या कार्यालयातून लिपिकाचा फोन आला. “सर, शेवटच्या ओळीत नावं उलटसुलट झालीत. टायपिंगची चूक दिसतेय. दुरुस्त करून घेऊ का?”

मी म्हणालो, “चूक नाही. साहेबांना दाखवा.”

फोनवर थोडा वेळ कागदांची सळसळ ऐकू आली. मग लिपिक परत आला.

“साहेब म्हणाले, आहे तशीच जाऊ द्या.”